माझ्या पोटातलं धुकं

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. जुनी म्हणजे नऊ वर्षांची; पण कुकटपल्लीच्या रस्त्याकडे तोंड करून नऊ वर्षं उभं राहून दाखवा, मग बोला! माझ्या अंगात एक सोडून दोन काचा आहेत. त्यांच्या मध्ये कोरडी हवा कोंडलेली, आणि कडेच्या पोकळ पट्टीत ओल पिणारे बारीक मणी. चारी बाजूंनी काळं रबर. मी उघडत नाही, पण रस्त्यावरचे हॉर्न काही मी आत येऊ देत नाही.

मला बसवलं तेव्हा घरातले आजोबा हिम्मतराव कुरकुरले होते. ते नांदेडकडचे, शेतावरून हाक मारली की गाव जागं व्हायचं म्हणे. "हाक खाली जात नाही, ती कसली खिडकी?" असं ते म्हणाले. मला फार लागलं ते.

पण या घरातली ईशा, त्यांची नात, जन्मापासून ऐकू शकत नाही. तिला हाकेचा काय उपयोग? तिची आई श्रुती माझ्याशेजारी टेबल टाकून ऑफिसचं काम करते. ईशा खाली सोसायटीच्या अंगणात खेळते आणि मिनिटा-मिनिटाला वर बघते. श्रुती हातांनी सांगते, 'मागून गाडी येतेय', 'बाजूला हो', 'पाणी पी'. केवढे चपळ हात तिचे! एकदा एक गाडी रिव्हर्स येत होती. श्रुतीचे हात उठले आणि ईशा टुणकन कट्ट्यावर चढली. त्या दिवशी मला माझा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

मग आला यंदाचा पाडवा. खालच्या लोकांना दिसावी म्हणून आजोबांनी गुढी माझ्यासमोर पाटावर उभारली. पंख्याच्या वाऱ्यानं ती डुलू लागली. गुढी पडली म्हणजे अपशकुन! आजोबांनी एक लांब खिळा घेतला, माझ्या कडेच्या रबरात ठोकला आणि सुतळीनं काठी आवळली. संध्याकाळी गुढी उतरली, खिळाही निघाला. भोक मात्र तसंच राहिलं.

आषाढापर्यंत त्या भोकातून दमट हवा माझ्या पोटात शिरली. मणी बिचारे पिऊन पिऊन थकले. एका सकाळी माझ्या दोन काचांच्या मध्ये थेंब जमले, आणि अंगण दुधात बुडाल्यासारखं दिसेनासं झालं.

श्रुतीनं मला आतून पुसलं. आजोबांनी शेजारच्या बाल्कनीतून लांब दांड्याचा वायपर घालून बाहेरून पुसलं. मिठाची वाटीसुद्धा ठेवली माझ्यापुढे! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ओल मध्ये होती हो, ना आत ना बाहेर.

"आता खाली एकटं नाही जायचं," श्रुतीनं ईशाला खुणेनं सांगितलं. ऑफिसचं काम सोडून ती खाली बसू शकत नव्हती आणि आजोबांचे गुडघे जिना उतरू देत नव्हते. ईशा दिवसभर माझ्यावर नाक दाबून उभी राहायची. खाली लगोरी रंगलेली असायची. तिला नुसते रंग हलताना दिसायचे. मला रडू यायचं, पण थेंब आधीच एवढे होते की कुणाला कळणार?

पहिला कारागीर म्हणाला, "पूरा बदलना पडता. दो महिने लगते." मग चिक्कडपल्लीहून रेणू आली. वडिलांचं काचेचं दुकान आता तीच चालवते. तिनं माझ्या कडेवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबली.

"ताई, काच बराबर आहे, परेशान होऊ नका. पण इथं काय खुपसलं होतं?"

श्रुती म्हणाली, "बसवणाऱ्यांनीच केलं असेल."

आजोबा गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं. पण ते उठून पुढे आले. "त्यांचं नाव नको घेऊ. मी ठोकला पाडव्याला खिळा. माझ्यामुळं पोरगी घरात कोंडून पडली." मित्रांनो, त्या क्षणी मी त्यांची सगळी कुरकुर माफ केली.

रेणूनं मला उतरवून दुकानात नेलं. बारीक पात्यानं माझी शिवण कापली, काचा वेगळ्या केल्या, धुतल्या, वाळवल्या. नव्या पट्टीत ताजे मणी भरले आणि कडा बुजवल्या. तिच्या हाताला सलाम! "एक दिवस हलवायचं नक्को," असं तिनं दुकानातल्या सगळ्यांना बजावलं. घाई करणारे खूप पाहिले. थांबू शकणारी माणसं थोडीच असतात.

मी घरी परतले. तीन सकाळी श्रुतीनं मला निरखलं. एकही थेंब नाही. चौथ्या दिवशी तिनं ईशाला खूण केली, 'जा.' चप्पलसुद्धा न घालता पळाली पोरगी!

म्हणून सांगते, मुलांनो, एखादी वस्तू धुरकटली की लगेच भंगारात काढू नका. दुखतंय कुठं, ते आधी शोधा. आणि चूक आपली निघाली तर आजोबांसारखं पुढे या.

त्या संध्याकाळी श्रुती मीटिंगमध्ये होती. आजोबा माझ्यासमोर आले. आठवडाभर ते नातीकडून खुणा शिकत होते. जाड, राठ बोटं त्यांनी कशीबशी वळवली, 'घरी ये.' ईशानं वर बघितलं. तिला लख्ख दिसलं, मी साक्षीदार आहे. आणि लबाडानं सरळ पाठ फिरवून पुढचा डाव मांडला.

आजोबा डोळे पुसत हसायला लागले, "बघा, बघा! ऐकायली नाही पोरगी!"