दोन गाठींचं माप

त्या दिवशी केळी कापायची होती, म्हणून चुनीलालआप्पा सकाळीच मळ्यात येऊन बांधावरच्या खाटेवर बसले होते. ऊन तापायच्या आत घड उतरवायचे, तेव्हा सगळ्यांचीच धांदल. व्यापाऱ्याचा माणूस मगन कॅलिपर घेऊन फिरत होता. घडाच्या दुसऱ्या फणीतलं मधलं केळं तेवढं चिमट्यात धरी, जाडी बघे, पुढं जाई. त्या एका केळ्यावर अख्खा घड पास, नाहीतर नापास.

"हाई देख, दामिनी," आप्पा लेकीला म्हणाले, "सुरतना डॉक्टर अशेच करतस. मन्हा पोटमा इतल्या गाठी, पन मोजतस दोनच."

मगननं कॅलिपर मिटलं. "आप्पा, तुमना माल पास शे," तो म्हणाला.

"गाठी पास व्हयन्यात रे. माल नापास शे." आणि स्वतःच हसले. हसता हसता त्यांना धाप लागली.

दामिनी हसली नाही. नाशिकच्या कॉलेजातली नोकरी रजेवर टाकून ती घरी आली, ती आप्पांच्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पोचल्याचं कळल्यावर. त्यावर वाचता येण्यासारखं सगळं तिनं वाचलं होतं. ठळक गाठी निवडायच्या, प्रत्येकीची जास्तीत जास्त लांबी घ्यायची, बेरीज करायची. काही महिन्यांनी पुन्हा त्याच गाठी, पुन्हा बेरीज. आधी त्र्याहत्तर मिलिमीटर होती, आता अठ्ठेचाळीस. शंभरात तीस घट झाली की औषध लागू पडलं असं धरतात. आप्पांची चौतीस झाली होती. हे तिनं आल्यागेल्याला इतक्यांदा सांगितलं, की तिची आई सरलाबाई एकदा वैतागून म्हणाली, "गाठनं माप तुले पाठ शे. बापनं वजन कितलं उतरनं, ते बी सांग ना."

दुपारी ट्रक भरून गेला. आप्पांनी भाकरीचा तुकडा कढीत बुडवला आणि तसाच ठेवून दिला.

"सकाय सुरत ना?"

"हो आप्पा. उद्या सकाळच्या गाडीनं."

"तू म्हनशी तर नही जात."

तिनं वर पाहिलं. ते ताटाकडं बघत होते.

"पण आप्पा, रिपोर्ट एवढा चांगला आलाय."

"मंग बॅग भर," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

सुरतेला औषध चढलं, ते घरी आले, आणि आठवडा सरतो न सरतो तोच ताप भरला. गाठींना आवळणाऱ्या औषधानं रक्तातल्या पांढऱ्या पेशीही खाली आणल्या होत्या; तापाशी झुंजायला अंगात काही उरलं नव्हतं. नंदुरबारला नेलं. दुसऱ्या दिवशी सगळं आटोपलं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. चपला घालताना भूपेंद्रकाकांनी दामिनीला विचारलं, "पन गाठ ते कमी व्हयनी व्हती ना वं?"

तिनं मान हलवली. तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरेना. आतबाहेर करून झालं, आवरलेलं कपाट पुन्हा आवरून झालं. शेवटी तिनं स्कॅनची सीडी लॅपटॉपात घातली. पडद्यावर आप्पांच्या पोटाचे करडे काप एकामागून एक सरकू लागले. गाठ सापडली. तिनं माऊसनं रेघ ओढली. अठ्ठावीस. पुसली, जरा तिरकी ओढली. सत्तावीस. गाठीची कड धूसर असते, मोजणाऱ्याच्या हातागणिक माप थोडं हलतं, हे तिनं वाचलं होतं. थोडं नव्हे, पुष्कळ हलायला हवं होतं. पस्तीस यावेत, चाळीस यावेत. मोजणाऱ्याचा हात कुठंतरी चुकलेला असावा; मग जे झालं ते त्या आकड्यामुळं झालं असतं.

ती उठली, पाण्याचा तांब्या भरला, न पिताच ठेवला, पुन्हा बसली. दुसरी गाठ वीस. न मोजलेल्या गाठीही तिनं एकेक करून पाहिल्या. एकही वाढली नव्हती. नवीन काही उगवलं नव्हतं.

"कवयनी काय शोधी ऱ्हायनी?" सरलाबाई दारात येऊन उभी होती.

"चूक."

"सापडनी का?"

"नाही. माप बरोबर आहे."

सरलाबाई आत येऊन तिच्याजवळ जमिनीवर टेकली. पडद्याकडं तिनं पाहिलंही नाही. "त्यासले कोठे माप चुकनं अशे वाटे? त्यासनं मनच नव्हतं जावानं."

"मला माहीत होतं, आई. ताटावर बसले होते तेव्हाच कळलं होतं."

शाळेत जायला लागल्यापासून दामिनी घरातही पुस्तकातलंच मराठी बोलायची. आता तिला त्यातला एकही शब्द नको होता.

"आप्पा, नका जाऊ," ती मोठ्यानं म्हणाली. "रिपोर्ट चांगला शे, तरी नका जाऊ. आठेच घरमा ऱ्हा."