दोन दोरांचं गणित

"वीस किलोचा ठोकळा, दोर दोन. अर्धं-अर्धं लिही की. त्यात काय एवढं?" खंडोजी म्हणाले.

अक्षरानं वही आजोबांसमोर सरकवली. "तसंच लिहिलंय, ताता. पण पुस्तकाच्या मागं उत्तर डबल आहे. एकेका दोरावर अख्खे वीस किलो."

"छापताना चुकलं असेल."

"पाचवी आवृत्ती आहे."

"मग पाचदा चुकलं असेल."

नात पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, गेल्यापासून चामराजपेटच्या त्या घरात दर रविवारी सकाळी फिजिक्सचा दरबार भरायचा. खंडोजींचं शिक्षण दहावीपर्यंत, त्यामुळे त्यांची मदत म्हणजे पेन्सिलीला टोक काढणं आणि मान डोलावणं. पण आजचं गणित दोर आणि वजनाचं होतं, आणि त्यात आपल्याला कुणी शिकवावं असं त्यांना वाटत नव्हतं. कारखान्यात नोकरीला लागले ते खलाशी म्हणून. आपल्याकडे खलाशी म्हटलं की लोकांना जहाज आठवतं; कारखान्यातला खलाशी अवजड यंत्रांना दोर बांधतो आणि ती क्रेननं उचलून देतो. हे काम त्यांनी जेमतेम चार महिने केलं. पुढची तेहेतीस वर्षं स्टोअरमध्ये बोल्ट मोजण्यात गेली. असं का झालं, ते घरात कुणी विचारत नसे आणि ते सांगत नसत.

"मी नयनाताईंना विचारून येते," अक्षरा म्हणाली.

"मी पण येतो. छापणाऱ्याची चूक तिला दाखवू."

नयना वरच्या मजल्यावरची भाडेकरू. मूळची पुण्याची, एका संशोधन संस्थेत नोकरीला. गच्चीत कपडे वाळत घालत होती. तिनं वहीवर नजर टाकली आणि हसली.

"काका, पुस्तक बरोबर आहे. अर्धं-अर्धं होतं ते दोर सरळ उभे असतील तरच. इथे अँगल आहे ना, आडव्या रेषेशी तीस डिग्रीचा. थांबा, ॲक्च्युअली करूनच बघू."

तिनं बादली पाण्यानं भरली, कपड्यांची जादा दोरी कडीतून ओवली आणि एक टोक अक्षराच्या हातात, एक खंडोजींच्या हातात दिलं. दोघं अगदी जवळ उभी राहिली. बादली सहज उचलली गेली.

"आता दोघंही एकेक पाऊल मागे जा. बादली मात्र खाली येऊ द्यायची नाही."

एक पाऊल झालं, दुसरं झालं. दोरी आडवी होत गेली तशी ती खंडोजींच्या बोटांत रुतायला लागली. पाणी तेवढंच, बादली तीच, पण हात खांद्यातून ओढला जात होता. तिसऱ्या पावलाला त्यांच्या हातून दोरी सुटली. पाणी गच्चीभर झालं.

"लागलं का, काका?"

खंडोजी हातातल्या लाल वळाकडे बघत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "चार टनांचं यंत्र असेल. दोर दोन, एकेक तीन टन पेलणारा. तर?"

"अँगल हाच?"

खंडोजींनी डोळे मिटले. ठेंगणं छप्पर, क्रेनचा हूक जाईल तेवढा वर गेलेला, आणि त्याखाली घराच्या पसरट कौलांसारखे दोन्ही बाजूंना उतरलेले दोर. "हाच असेल. स्वल्प इकडं-तिकडं."

अक्षरानं तिथंच, कठड्यावर वही ठेवून गणित केलं. साईन तीस म्हणजे अर्धा, दोनदा अर्धा म्हणजे एक, चार भागिले एक. "एकेका दोरावर चार टन, ताता. तीनचा असेल तर तुटणार."

"आणि दोर झिजलेले असतील तर?"

"मग आणखी लवकर," नयना म्हणाली. "असं कोणी उचलायला सांगितलं तर सरळ नाही म्हणायचं, काका."

"दोराला जोडलेल्या कडीची पिन घट्ट असली, सैल असली, तरी?"

"पिनचा काय संबंध? दोराला लोडच झेपत नाहीये."

खंडोजी ओल्या गच्चीवर बसले. अक्षरा घाबरली, पण त्यांना काही झालं नव्हतं. उलट छातीवरून काहीतरी उतरलं होतं, आणि ते गेल्यावरच कळत होतं की ते किती जड होतं.

अडतीस वर्षांपूर्वी तो दोर तुटला होता. यंत्र एका बाजूनं खाली आलं आणि पद्मनाभच्या डाव्या पायावर पडलं. पद्मनाभ त्यांचा जोडीदार. एकाच दिवशी कामावर लागलेले. जमिनीवर कडीची पिन सापडली. चौकशीत लिहिलं गेलं की पिन नीट बसवली नव्हती, ती निसटली, झटका बसला आणि दोर गेला. पिन खंडोजींनी बसवली होती. आपण ती शेवटचा आटा येईपर्यंत फिरवली होती की नव्हती? पहिल्या दिवशी त्यांना खात्री होती. आठवड्यानं ती राहिली नाही. तेव्हापासून ते घराचं कुलूप तीन वेळा ओढून बघत आणि घरातली माणसं हसत. चार टन, दोन दोर, म्हणजे दोन-दोन टन, असा हिशेब त्या दिवशी सगळ्यांनीच केला होता. साहेबांनीही. कोनाचा विचार एकालाही शिवला नव्हता.

"ते पान दे मला," ते अक्षराला म्हणाले.

"होमवर्क आहे, ताता."

"दुसऱ्या पानावर परत लिही. नीट लिही, आता समजलंय तुला."

जेवण न करताच त्यांनी पद्मनाभच्या घरी जायला बनशंकरीची बस पकडली. लग्नकार्यात पद्मनाभची गाठ पडायची, ट्रॅफिकबद्दल बोलणं व्हायचं, पोरांची चौकशी व्हायची. त्या दिवसाबद्दल दोघांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. बसमध्ये त्यांनी सांगायची वाक्यं चार वेळा जुळवली आणि चारही वेळा ती मोडली.

पद्मनाभ व्हरांड्यात पेपर वाचत होता. "काय रे, न कळवता? या उन्हात?"

खंडोजींनी कागद पुढे केला. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. त्यांनी पेन्सिल घेतली, छप्पर काढलं, हूक काढला, खाली यंत्र काढलं आणि नयनानं जसं सांगितलं तसं सांगितलं. बादलीसकट. "पिनेनं नाही तुटला, पद्मण्णा. तुटणारच होता. पिन निसटली असेल ती त्यानंतर."

पद्मनाभनं कागदावरच्या दोरांवरून बोट फिरवलं. खंडोजींना वाटलं, आता हा हसेल, किंवा हात तरी धरेल. त्याचा चेहरा मात्र पडला.

"म्हणजे दोर आखूड होते, म्हणून एवढे पसरट झाले आणि तुटला."

"हां."

"आखूड मी आणले होते," पद्मनाभ म्हणाला. "लांब दोर पलीकडच्या शेडमध्ये होते. कोण जाणार तेवढं, म्हणून हेच उचलले. तुझ्यावर पिनेचं आलं तेव्हा मी बोललो नाही. पाय तर गेलाच होता, नोकरी पण जाईल, असं वाटलं. तुला तोंड कसं दाखवू, म्हणून नुसतं ट्रॅफिकचं बोलत होतो."

खंडोजींना क्षणभर राग आला. खरा, सणसणीत राग. तेहेतीस वर्षं बोल्ट मोजल्याचा. मग त्यांची नजर आपण काढलेल्या चित्राकडे गेली आणि राग जिथल्या तिथं थांबला.

"अरे, पण लांब दोर चालले असते कुठं? हूक छपराला टेकलेला. दोर लांब घेतले असते तर यंत्र जमिनीवरून हललं पण नसतं. आखूड घेतले म्हणून तर ते उचललं गेलं."

"खरं सांगतोस?"

"बघ की." त्यांनी लांब दोर काढून दाखवले. ते छपराच्या वर गेले.

पद्मनाभनं पेन्सिल घेतली आणि स्वतः एकदा काढून पाहिलं. "साठ अंश असते तर?"

हे खंडोजींना येत नव्हतं. त्यांनी फोन लावला. अक्षरानं दोन मिनिटांत सांगितलं, एकेका दोरावर दोन पूर्णांक तीन टन. यंत्र आठ फुटी होतं म्हणताच तिनं आणखी एक आकडा काढला: हूक साडेचार फूट आणखी वर हवा होता.

"धरला असता दोर," खंडोजी म्हणाले.

"साडेचार फूट." पद्मनाभनं मान वर करून व्हरांड्याच्या छताकडे पाहिलं. "तू वाढवणार होतास काय छप्पर? मी वाढवणार होतो?" आणि तो हसला. डोळे पुसत हसला. खंडोजींनाही हसू आवरेना. आतून पद्मनाभची सून सिद्धी बघायला आली आणि दोन म्हाताऱ्यांना असं पाहून ताटं वाढायला परत गेली.

हसणं थांबल्यावर पद्मनाभ खुर्चीत मागं टेकला. "बूट काढतो स्वल्प. दुपारी आवळतो." त्यानं वाकून डाव्या पायाचा चामडी बूट काढला, त्यातला कापसाचा बोळा बाजूला ठेवला आणि पाऊल स्टुलावर ठेवलं. पाऊल अर्ध्यातच संपत होतं. खंडोजींनी ते आज पहिल्यांदा उघडं पाहिलं. त्यांनी नजर वळवली नाही.

"दुखतं काय रे?" त्यांनी विचारलं.

"थंडीत," पद्मनाभ म्हणाला. "आता नाही."