रंगाऱ्याच्या मांडीतला राखणदार

मित्रांनो, मी एक जुने विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. माझे बिऱ्हाड एका रंगाऱ्याच्या मांडीच्या स्नायूत. साखर पेशीच्या भट्टीत जाते, त्या वाटेवरचे दार लावणे हे माझे काम. माणूस उपाशी असला की मी दार ओढून घेते, म्हणजे उरलीसुरली साखर मेंदूला मिळते. पोटात अन्न पडले की आम्हा विकरांची संख्या घटते आणि दार उघडते.

रंगारी दिवसभर शिडीवर चढ-उतार करी. छताच्या कडा तो हात न थरथरता रंगवी. लोक त्याच्या हाताला नावाजत. मांडीकडे कोणाचे लक्ष जाणार?

मग त्याला न्यूमोनिया झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली, जेवण जाईना आणि अंथरूण सुटेना. बायकोचा त्याच्यावर फार जीव. "तुम्ही उठू नका, मी आहे ना," म्हणत ती पाण्याचा पेलासुद्धा त्याच्या ओठांना लावी. इकडे आमची संख्या वाढतच गेली. दार बंद ते बंदच. सरपण संपले म्हणून घरातली खाट-खुर्ची जाळावी, तसा स्नायू स्वतःलाच जाळू लागला. एका सकाळी रंगारी उठायला गेला आणि कोसळला.

व्यायामोपचाराच्या बाई आल्या. त्यांनी मांडी चाचपली आणि बायकोला म्हणाल्या, "ताई, रागावू नका. पोटभर जेवायला घाला, पण पाणी लांब ठेवा. त्यांना उठू द्या."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच त्यांना पांगळं केलं?"

"नाही हो, आजारानं केलं. पण उभं त्यांनाच राहायचंय."

दुसऱ्या दिवशी तिने पेला खिडकीपाशी ठेवला.

"अगं, दगड झालीस की काय?" तो म्हणाला.

"तहान लागली असेल तर उठा." एवढे बोलून तिने तोंड फिरवले. डोळे पुसलेले त्याला दिसू नयेत म्हणून.

तो उठला, बसला, पुन्हा उठला. मांडी लटलट कापत होती. भिंत धरून तो खिडकीशी पोचला, तेव्हा ती अजून पाठमोरीच होती.

महिने गेले. मांडी थोडी भरली. पहिल्यासारखी मात्र नाही. छत आता दुसरे लोक रंगवतात. तो जमिनीवर उभा राहून हात पोचेल तेवढी भिंत रंगवतो.

मित्रांनो, घरात कोणी आजारातून उठत असेल, तर त्याला प्रेमाने खाऊ घाला, जवळ उभे राहा. पण त्याच्या वाटचे पाऊल त्यालाच टाकू द्या.