वरून आलेला ठेका

मावशीचं इस्त्रीचं दुकान म्हणजे जेमतेम एक खोली, पण दिवसभराची कामं उरकली की गल्लीतले रिकामे जीव तिथेच जमायचे. एक सुतार, एक निवृत्त नर्सबाई आणि दुकानाच्या वरच्या खोलीत एकटे राहणारे बँडकाका, ज्यांनी जन्मभर बँडात ड्रम वाजवला. धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यांना टेकून पत्ते रंगायचे. रक्ताचं नातं कुणाचं कुणाशी नव्हतं, भांडणं मात्र सख्ख्या भावंडांची असायची.

काका रुसण्यात पटाईत. हरले की नाक मुरडून वर जायचे, आणि राग निवळला की काठीने जमिनीवर ठेका धरायचे. मावशीने झाडूच्या दांड्याने छताला तोच ठेका परत दिला, की स्वारी जिना उतरून हजर. समजूत काढायला वर कुणी यायचं नाही, हा त्यांचाच दंडक.

परवा सुताराने पत्ता लपवला म्हणून काका तणतणत गेले. काल वरून ठेका आला. मावशीने उत्तर दिलं, पण काका उतरले नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा आला, तोही वेडावाकडा.

"काकांचा ताल चुकला," सुतार म्हणाला, आणि सगळे पोट धरून हसले. मावशीने मुद्दाम तसाच वेडावाकडा ठेका परत दिला.

आज सकाळपासून वर सामसूम होती. शर्टाची कॉलर दाबता दाबता मावशीने छताकडे पाहिलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. तापाने फणफणत असतानाही या माणसाने कधी ताल सोडला नव्हता. मग काल तो चुकलाच कसा? इस्त्री शर्टावरच राहिली, करपल्याचा वास आला, तेव्हा कुठे ती हलली. बटण बंद करून ती सुताराकडे धावली, वाटेत नर्सबाईलाही हाक मारली.

तिघं जिना चढले. दाराला आतून कडी.

"काका, मी आलेय. मावशी." आतून हूं नाही की चूं नाही. मावशीने कठडा धरला. आयुष्यभर लोकांची दारं बसवलेला सुतार, पण आज त्याला पटाशी धरवेना. दोनदा ती हातातून निसटली.

"दार उघडलं की आधी मी आत जाते," नर्सबाई हळूच म्हणाली. "तू इथेच थांब."

"का?" मावशीने विचारलं. नर्सबाईने तिला अलगद मागे सारलं.

कडी निखळली. काका पलंगाशेजारी जमिनीवर पडले होते, पाय मुडपलेला, काठी मुठीत तशीच. चेहरा पांढराफटक. गेले, असंच मावशीला वाटलं. नर्सबाईने मानेला बोटं लावली आणि ती नुसती थांबून राहिली.

"आहेत," नर्सबाई म्हणाली. "गाडी बोलाव रे लवकर."

सुतार फोन करायला बाहेर पळाला. मावशीने ओठांना पाणी लावलं, तसे काकांनी डोळे उघडले.

"खालून उत्तर येत होतं," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "म्हटलं, येतीलच आता. मग ओरडलो नाही. नंतर ओरडायला आवाजच राहिला नाही."

हो, निघालोच होतो, असं खोटं मावशीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिला ते बोलवलं नाही.

"आम्हाला कळलंच नव्हतं, काका. आम्ही हसत होतो."

काका तिच्याकडे बघत राहिले. "तेही ऐकलं," ते म्हणाले, आणि त्यांनी तिचा हात घट्ट धरला. गाडी येईपर्यंत तो त्यांनी सोडला नाही.