सुभेदारांचं एरंडेल

आष्ट्याच्या अलीकडच्या त्या गावात कुणाचं पोट बिघडलं, की तो आधी डॉक्टरकडं जायचा नाही. सुभेदार नाथाजींच्या सोप्यात येऊन उभा राहायचा. पलटणीतून पेन्शनीवर आल्यापासून सुभेदारांनी गावाची पोटं ताब्यातच घेतली होती. कोठा जड झालेल्याला बाळहिरडा, गुबारा धरलेल्याला ओवा आणि काळं मीठ, तान्ह्या लेकराच्या बेंबीभोवती हिंगाचा लेप. हे सगळं गावातल्या कुठल्याही म्हातारीला ठाऊक होतं, पण म्हातारीला सुभेदारांसारख्या मिशा नव्हत्या. शिवाय त्यांच्याजवळ एरंडेल होतं. बांधावरच्या एरंडाच्या बिया ते स्वतः भाजायचे, कुटायचे, पाण्यात उकळायचे, वर आलेलं तेल पळीनं काढायचे आणि कँटीनच्या रमच्या रिकाम्या बाटलीत भरायचे. ती बाटली देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असे. देवाला एखादे दिवशी फूल चुकायचं, पण बाटली रोज पुसली जायची.

गुण यायचा, हे खोटं नाही. बहुतेकांना यायचा, कारण बहुतेकांचं दुखणं खाल्ल्याचंच असायचं. पण 'बहुतेक' हा शब्द सुभेदारांच्या तोंडात कधी आला नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळंच घडलं.

त्र्याण्णव साली भाद्रपद अधिक आला. धोंड्याचा महिना. लेकीचं, राजनंदिनीचं, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तेव्हा जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालणं आलंच. जावई शिवतेज विट्याकडचा. कोइमतूरला चुलत्याच्या गलाईच्या दुकानात सोनं गाळायचा. या जेवणासाठी एवढा लांबचा प्रवास करून आला होता. अबोल पोरगा, सासऱ्याला 'मामा' म्हणतानाही नजर जमिनीवर. सुभेदारांचा त्याच्यावर जीव होता. आपल्याला लेक झाला असता तर असाच झाला असता, असं ते बायकोला, बनुबाईंना, सांगायचे.

पंगतीआधी राजनंदिनी हळूच म्हणाली, "आबा, त्यांना सकाळपासनं अन्नावर वासनाच न्हाई. जरा कमी वाढा."

"लाजतुया त्यो," सुभेदार हसले. "धोंडं खायाला आलाय आन् कमी वाढू व्हय? भावकी काय म्हनंल?"

भावकी जमलीच होती. बनुबाई तूप ओतत होत्या, शेजारचा कोंडीबा "घाला, घाला, जावाय हाय का पाव्हणा!" म्हणून ओरडत होता. शिवतेजनं ताटावर हात आडवा धरला, पण धोंड्याच्या ताटाला नाही म्हणू नये, सासरच्या घराला ते चांगलं नसतं, असं कुणीतरी बोललं आणि त्याचा हात मागं गेला. घाम पुसत पुसत तो जेवला. लोकांना वाटलं, तुपाचा घाम.

संध्याकाळी त्याच्या बेंबीभोवती दुखू लागलं. एक उलटी झाली. घरात हशा पिकला. "धोंडा अडकला रं!" कोंडीबा मांडी थोपटून म्हणाला. सुभेदारांनी ओवा चावायला दिला, वर गरम पाणी दिलं आणि निश्चिंत झोपले.

सकाळी शिवतेज कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला दिसला. दुखणं बेंबीपासून सरकून उजव्या अंगाला खाली गेलं होतं. अंग कढत लागत होतं. राजनंदिनीचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "आबा, सांगलीला न्हेऊया का?"

सुभेदारांना ते झोंबलं. "सुभेदाराचा जावाय, आन् पोटदुखीला सांगलीला? गाव तोंडात शेण घालंल माझ्या." त्यांनी बाटली काढली. सुंठीचा कढत काढा केला, त्यात एरंडेल सोडलं, आणि जावई म्हणून नेहमीपेक्षा जास्तच सोडलं.

"मामा," शिवतेज दबक्या आवाजात म्हणाला, "हितं हात लावला तरी सुरी लावल्यागत हुतंय."

"तितंच मळ साचतुया. डोळं मिटून घ्या. दुपारपातूर हरणागत पळाल."

सासऱ्यानं पुढं केलेला पेला जावयानं परत करायचा नसतो. शिवतेजनं तो शेवटच्या थेंबापर्यंत घेतला.

दुपार वाईट गेली. त्याला चार-चारदा धरून परसाकडं न्यावं लागलं. परत आला की खाटेची सुंभं मुठीत घेऊन दात आवळायचा. सोप्यातली माणसं आता हसत नव्हती. राजनंदिनी बापाच्या तोंडाकडं बघायची आणि बाप बाटलीकडं बघायचा. आणि उन्हं कलताना शिवतेजनं एकदम पाय लांब केले. चेहरा सैल पडला. चक्क हसला.

"थांबलं, मामा. एकदम थांबलं."

घरात दिवाळी झाली. बनुबाईंनी मीठ-मोहरी उतरून चुलीत टाकली. राजनंदिनीला रडू फुटलं. कोंडीबा गल्लीभर सांगत सुटला. जीपवाला लालासाहेब सुभेदारांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सुभेदार, तुमच्या हाताला यश हाय!"

सुभेदार मात्र तंबाखू मळता मळता थांबले होते. त्यांना जतचा गुंडा नावाचा जवान आठवला. बर्फातली चौकी, आणि त्यांच्याच तुकडीतला तो धिप्पाड गडी. त्याचं असंच पोट दुखलं, लंगरातल्या आचाऱ्यानं जुलाबाला जमालगोटा दिला, आणि दुखणं असंच अचानक थांबलं. सगळे निवांत झाले. पलटणीचा डॉक्टर वर पोचला तोवर गुंडा निळा पडला होता. डॉक्टर सगळ्यांवर ओरडला होता, की आतडं आत फुटलं म्हणजे दुखणं थांबतं. थांबलं तेव्हाच तुम्ही पळायला पाहिजे होतं. हे सुभेदारांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. मग गावी आले, बाटली भरली, नाव झालं, आणि ते ऐकलेलं कुठंतरी तळाशी बसून गेलं.

जीप दारातच उभी होती. "चला" एवढा एक शब्द बोलायचा होता. पण सोपा माणसांनी भरलेला, जो तो त्यांच्याकडं कौतुकानं बघतोय. सुभेदारांनी स्वतःची समजूत घातली: तो जमालगोटा होता, हे घरचं एरंडेल. ते बर्फ होतं, हे आपलं घर. जावई तर हसतोय. माणूस स्वतःलाच फसवायला बसला, की त्याला वकील लागत नाही. चहा आला, चहा पिऊन झाला, आणखी माणसं आली, आणि सुभेदार गादीवरून हलले नाहीत.

दिवेलागणीला राजनंदिनीनं कंदील जवळ नेला. शिवतेजचे डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे, श्वास भराभर. सुभेदारांनी त्याच्या पोटावर हात ठेवला. पोट पाटासारखं कडक लागलं. मग मात्र ते ओरडले, "लालासाहेब, जीप काढ!"

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि मान वर न करता विचारलं, "जुलाबाचं काही दिलं होतं?"

सुभेदारांनी जावयाकडं बघितलं. उत्तर शिवतेजनं दिलं. "न्हाई. कुनी काय दिलं न्हाई. म्याच लय खाल्लं." आणि त्यानं पहिल्यांदाच सासऱ्याच्या डोळ्याला डोळा दिला. त्या नजरेत राग नव्हता. सासऱ्याची लाज राखली, एवढंच समाधान होतं. सुभेदारांनी मान खाली घातली आणि ते खोटं तसंच राहू दिलं. आत नेऊन पोट उघडलं, सगळीकडं पू पसरलेला होता. डॉक्टरांनी शर्थ केली. दोन दिवसांनी शिवतेज गेला.

गावानं आपला निकाल देऊन टाकला: दुखणं सुभेदारांनी थांबवलंच होतं; सांगलीला नेऊन पोरगं फाडलं आणि घालवलं. सुभेदारांनी हा निकाल एकदाही खोडला नाही. ते जेवायचे कमी झाले, मिशा उतरल्या, लोक म्हणाले जावयाचं दुःख. राजनंदिनी बापाच्याच घरी राहिली आणि कोनाड्यातली बाटली आता तीच पुसू लागली. ते बघितलं की सुभेदार उठून रानात जायचे.

थंडी सुरू झाली तेव्हा कोंडीबा बायकोला, हरणाबाईला, धरून सोप्यात घेऊन आला. ती कमरेत वाकली होती.

"सुभेदार, कालपासनं बेंबीपाशी दुखत हुतं. आता हितं आलंय, उजवीकडं. द्या तुमचं त्याल."

सुभेदार गादीवरून उठले. ते काही बोलायच्या आत राजनंदिनी आतून आली. एका हातात बाटली, दुसऱ्यात पेला.

"द्या, आबा," ती म्हणाली. "त्यांना बी त्या दिवशी तेवढं बरं वाटलं हुतं. शेवटचं हसलं ते तुमच्या त्यालानंच. तेवढ्यावर म्या दिस काढतिया."

सुभेदारांनी पेला घेतला आणि पालथा घातला. "कोंडीबा, लालासाहेबाला हाक मार. आत्ताच्या आत्ता सांगली गाठ. पान्याचा घोट बी देऊ नगंस."

"पर जावयाला तर गुण आला हुता..."

"गुण न्हवता त्यो!" सुभेदारांचा आवाज फाटला. "आत फुटलं हुतं, म्हनून थांबलं. माझ्या त्यालानं फुटलं. आन् थांबलं तवाच मला कळलं हुतं. म्या बसून चा पीत ऱ्हायलो."

कोंडीबा बायकोला घेऊन धावत सुटला. सोप्यात बापलेक दोघंच उरले. सुभेदार वाट बघत होते, की ती ओरडेल, बाटली आपटेल, आपल्या तोंडावर थुंकेल. राजनंदिनीनं तसं काही केलं नाही. तिनं बाटलीला टोपण लावलं, पदरानं ती पुसली आणि बापापुढं जमिनीवर ठेवली.

"तवा कळलं हुतं?" तिनं विचारलं.

त्यांनी मानेनंच 'व्हय' म्हटलं.

ती आत गेली. त्या घरात ती पुढं कितीतरी वर्षं राहिली, वेळच्या वेळी त्यांना भाकरी वाढत राहिली, पण 'आबा' अशी हाक सुभेदारांना पुन्हा ऐकू आली नाही.