दोन्हीकडे शून्य

"दोन्हीकडे तपासलंय," एवढंच मी सोमवारी मीटिंगमध्ये म्हणाले. तेवढ्यावर मल्लाप्पा अण्णांची बावीस वर्षांची नोकरी जाणार होती. मी माझ्या समजुतीने खरं तेच सांगत होते.

आमची कंपनी लिफ्ट चालवणाऱ्या पेट्यांचा प्रोग्राम लिहिते. बंगळूरच्या बाहेर, आनेकलच्या पुढे एका कारखान्यात आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. आत दोन बायका होत्या, शिफ्ट संपवून घरी निघालेल्या. पावणेदोन तास अडकल्या. त्यातल्या एकीला दमा. दोघी सुखरूप बाहेर आल्या, पण कारखान्याने लेखी विचारलं, चूक कुणाची? शुक्रवारपर्यंत उत्तर द्या, नावासकट.

लिफ्ट बंद पडली की पेटी त्या क्षणाची आतली सगळी स्थिती एका फाईलमध्ये टाकून ठेवते. ती फाईल डिबगरमध्ये उघडायची. डिबगर म्हणजे बंद पडलेल्या प्रोग्रामच्या पोटात दिवा घेऊन उतरायचं साधन. उतरल्यावर नेमकं काय बघायचं, ते एक स्क्रिप्ट सांगते. आत किती कामं चालू होती आणि त्यातली किती एकमेकांची वाट बघत अडकून पडली होती, हे दोन आकडे ती छापते. अडकलेली निघाली तर दोष मूळ प्रोग्रामचा, जो बाहेरून विकत आणलाय. अडकलेलं कुणी नसेल तर दोष दाराकडचा, म्हणजे वायरिंगचा नाहीतर दाराच्या कोडचा. आनेकलचं वायरिंग नवंकोरं होतं. आणि दाराचा कोड अण्णांचा.

ती स्क्रिप्टही अण्णांचीच, बारा वर्षांपूर्वी पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली. जुन्या डिबगरला जुनं पायथॉन कळतं, नव्याला नवं. सर्व्हिसच्या माणसांचे लॅपटॉप जुने, ऑफिसातली मशीन्स नवी. एकच स्क्रिप्ट दोन्हीकडे चालली पाहिजे, असं ठरलं आणि मार्चमध्ये ते काम माझ्याकडे आलं. स्क्रिप्ट आपोआप बदलून देणारं साधन मिळतं, पण ते नव्याचं बघतं आणि जुन्याची मोडतोड करतं, म्हणून मी हाताने केलं. नव्यात चालवायची, जिथे चूक दाखवेल तेवढीच ओळ सुधारायची, मग जुन्यात चालवून बघायची. जी ओळ तक्रार करत नव्हती तिला मी बोट लावलं नाही. अण्णांसारख्या माणसाची ओळ, आपण कशाला हात लावावा, असंही मनात होतं. सरावाच्या लिफ्टची फाईल घेऊन दोन्हीकडे ताडून पाहिलं. चालू कामं चौदा, अडकलेली शून्य. जुन्यातही शून्य, नव्यातही शून्य. जुळलं. सही केली.

सोमवारी उल्हासने आनेकलची फाईल भिंतीवरच्या पडद्यावर लावली. उल्हास आमचा मॅनेजर, पुण्याचा.

"चालू कामं सोळा, अडकलेली शून्य," तो म्हणाला. "पर्सनल काही नाहीये, मल्लाप्पा. पण डेटा हा आहे."

अण्णा निपाणीकडचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याकडे बघत राहिले.

"माझ्या कोडात चूक नाहीच असं मी कुठं म्हणतोय," ते म्हणाले. "पण शून्य म्हटल्यावर जरा नवल वाटतंय. एकदा परत बघा की."

"परत बघितलं तरी तेच येणार. जूनमध्ये देखभालीच्या नागराजला काढला तेव्हाही त्याचं हेच चाललं होतं, परत बघा, परत बघा. स्क्रिप्टने तेव्हाही शून्यच सांगितलं, आणि शेवटी वायरिंगच निघालं ना?"

"निघालं कुठं? तसं धरलं."

उल्हासने ते ऐकलं न ऐकलंसं केलं आणि माझ्याकडे वळला. "भार्गवी, तू स्क्रिप्ट दोन्ही व्हर्जनवर चेक केलीयस ना?"

"दोन्हीकडे तपासलंय," मी म्हणाले.

अण्णांनी चष्मा खाली घेतला. "भार्गवीअक्कांनी बघितलंय म्हटल्यावर संपलं," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

चातुर्मासात माझी प्राजक्ताची लाखोली असते. मल्लेश्वरममध्ये आमच्या शेजारी भाग्यलक्ष्मींच्या अंगणात झाड आहे. त्या झाडाखाली चादर अंथरून ठेवतात आणि उजाडता उजाडता मी परडी भरून आणते. एकेक फूल नाम घेत वाहायचं, शंभर झाली की एक बदाम बाजूला ठेवायचा, असं रोज साडेआठशे. पूजेत मी फोन घेत नाही. पण गुरुवारी तो तीनदा वाजला. तिसऱ्यांदा घेतला.

"अहवाल तुझ्या मेलमध्ये टाकलाय," उल्हास म्हणाला. "स्क्रिप्टच्या खाली तुझी सही लागेल. अकरापर्यंत पाठव, प्लीज. मल्लाप्पाचं लेटर एचआरने तयार ठेवलंय."

फोन ठेवला तेव्हा आकडा विसरले होते. बदाम सहा दिसत होते, पण त्यावर किती? तीस? सत्तर? परडी रिकामी झाली होती, तरी परत मोजावं म्हणून सवयीने तिच्यात हात घातला.

भाग्यलक्ष्मी उरलेली फुलं द्यायला दारात आल्या होत्या. त्यांचं माहेर बेळगावचं, मराठी समजतं आणि बोलतातही. "काय शोधताय अक्का?"

"आकडा चुकला. परत मोजते."

"परडीत?" त्या हसल्या. "परडीत काय मोजणार? मोजताना एकेक वाहिलंत की. पहिल्या मोजणीतच गेली सगळी देवाकडे. आता दहादा मोजा, शून्यच येणार."

माझा हात परडीत तसाच राहिला.

त्या पुढे काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही. मला अण्णांची ती ओळ दिसत होती, मी बोट न लावलेली. ती कामांची यादी बनवते. स्क्रिप्ट त्या यादीवरून दोनदा फिरते. पहिल्यांदा, एकूण किती. दुसऱ्यांदा, त्यातली अडकलेली किती. जुन्या पायथॉनमध्ये ती ओळ खरीखुरी यादी देते, ताटात मांडून ठेवलेल्या फुलांसारखी, हवी तितक्यांदा मोजा. नव्यात ती परडी देते. एकदा मोजली की रिकामी. चूक दाखवत नाही, थांबत नाही, कुरकुरत नाही. दुसऱ्या फेरीला यादीत कुणीच नसतं, म्हणून अडकलेलं कुणीच नसतं. कुठलीही लिफ्ट असो, कितीही अडकलेले असोत, शून्यच येणार.

आणि मी तपासलं कशावर? जिथे खरोखरच कुणी अडकलेलं नव्हतं त्या फाईलवर.

"अक्का, तब्येत बरी आहे ना?" भाग्यलक्ष्मींनी विचारलं. "चेहरा कसा झालाय. स्वल्प पाणी घ्या."

पाणी घेतलं नाही. त्या दिवशी आकडा पुरा झाला नाही. नमस्कार केला आणि तशीच निघाले.

ऑफिसात अजून झाडलोट चालली होती. सर्व्हिसच्या कपाटातून एक जुना लॅपटॉप काढला, चार्जर शोधला, आनेकलची फाईल त्यावर घेतली. स्क्रिप्ट तीच, माझीच, एक अक्षर न बदललेली.

चालू कामं सोळा. अडकलेली तीन.

नव्या मशीनवर पुन्हा चालवली. सोळा, शून्य.

ती ओळ उघडली आणि एक शब्द घातला, "याची यादी करून ठेव" एवढाच अर्थ असलेला. नव्यावरही तीन आले. एक शब्द. ते आपोआप बदलणारं साधन वापरलं असतं तर त्याने तो न सांगता घातला असता.

मग दुसरी गोष्ट सुचली, पहिलीपेक्षा वाईट. मार्चपासून ऑफिसातल्या प्रत्येक अहवालात हीच स्क्रिप्ट होती. जूनमधली इथल्याच शिवाजीनगरच्या इमारतीची फाईल शोधली. नागराज तेव्हा त्या लिफ्टची देखभाल बघायचा, वायरिंग ढिलं ठेवलं म्हणून त्याला काढलं होतं. फाईल उघडायच्या आधी मी डोळे मिटले. प्रार्थना केली म्हणायची तर केली, पण काय मागितलं ते मला नीट सांगता येणार नाही. उघडल्यावर आकडा समोर होता.

अडकलेली दोन.

साडेनऊला उल्हास आला, पाठोपाठ अण्णा. अण्णांच्या हातात कापडी पिशवी होती, ड्रॉवरमधलं सामान न्यायला आणलेली. मी दोघांना बोलावलं आणि दोन्ही मशीन्स शेजारी ठेवून स्क्रिप्ट चालवून दाखवली. आकडे स्वतःच बोलत होते.

उल्हासने दोनदा चालवायला लावली. मग स्वतः चालवली. "पण तू म्हणालीस तपासलंय."

"म्हणाले. चुकीच्या फाईलवर तपासलं. चूक माझी आहे."

अण्णांनी दोन्ही पडद्यांवरचे आकडे बोटाने ताडून पाहिले. "घ्या," ते म्हणाले. "माझीच स्क्रिप्ट मला खायला निघाली होती की."

"ओके. ओके," उल्हास म्हणाला. "आनेकलचा अहवाल बदलू. लेटर थांबवतो मी, मल्लाप्पा, सॉरी. आणि भार्गवी, हे इथेच मिटवू. फिक्स टाक आणि पुढे चल."

"शिवाजीनगरची फाईलही उघडलीय मी."

"कुणी सांगितलं उघडायला?"

"कुणी नाही."

"अगं, ते क्लोज झालंय. त्याला जाऊन तीन महिने झाले."

"किती?" अण्णांनी मला विचारलं.

"दोन."

अण्णांनी हातातली पिशवी खुर्चीवर ठेवली. मी आवाज चढवून कधी बोलत नाही, तेव्हाही चढवला नाही. म्हणाले, "मार्चपासूनच्या सगळ्या फाईली मी परत चालवणार आहे. आनेकलच्या अहवालावर सही करते, पण त्यात हे सगळं लिहून. नागराजचंही. ते गाळायचं असेल तर माझी सही नाही."

उल्हासने कपाळ चोळलं. "लिही," तो म्हणाला. "वर काय सांगायचं ते मी बघतो. सोपं नसणार आहे, तुला माहितीये ना?"

"माहितीये."

अहवाल अकराला गेला नाही, दीडला गेला. त्यात माझं नाव होतं, अण्णांचं नव्हतं. दुपारी अण्णा म्हणाले, "चला, मला ठिकाण माहितीये." रिक्षाने आम्ही शिवाजीनगरला गेलो.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचं दुकान होतं. नागराज स्टुलावर बसून एका मिक्सरच्या मोटरची गुंडाळी भरत होता. अण्णांना बघून हसला, मला बघून हसू थांबवलं.

"स्वल्प थांबा, अण्णा. हात सोडला तर तार सुटेल."

आम्ही थांबलो. त्याने शेवटचा वेढा घातला, गाठ मारली, हात पुसले. मी त्याला उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, यादी आणि परडीचंसुद्धा. स्क्रिप्टमध्ये चूक होती म्हणाले नाही, मी चूक केली म्हणाले. तो मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं चिडेल. मला ते हवंही होतं.

"किती अडकलेले निघाले?" त्याने विचारलं.

"दोन."

"दोनच," तो म्हणाला. "मी त्या दिवशी पेटीला कान लावला होता, अक्का. दोन रिले, आतले ते खटके, एकाआड एक वाजत होते. हा थांबला की तो, तो थांबला की हा. एकमेकांना वाट द्यायला तयार नाहीत, असं मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, मशीन शून्य म्हणतंय, तुझा कान मशीनपेक्षा मोठा आहे काय?"

अण्णा रस्त्याकडे बघायला लागले. सगळं त्याला कानाने कळलं होतं आणि माझी सही त्याच्या कानावर येऊन बसली होती.

"कंपनी परत बोलवेल की नाही ते मला ठाऊक नाही," मी म्हणाले. "अहवालात लिहिलंय मी. त्यापुढचं माझ्या हातात नाही."

"बोलवू दे, न बोलवू दे," नागराज म्हणाला. त्याने दुकानाचं पावतीपुस्तक उचललं, एक कोरं पान पलटून माझ्यासमोर ठेवलं आणि खिशातलं पेन दिलं. "हे मात्र लिहून द्या. वायरिंग ढिलं नव्हतं, एवढंच. घरी दाखवायचंय."

मी लिहिलं. खाली सही केली. त्याने ते दोनदा वाचलं, ओठ हलवत. मग पान परत माझ्याकडे सरकवलं.

"तारीख घाला," तो म्हणाला. "आजची नको. जूनची, त्या दिवशीची."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. खोटी तारीख मी आयुष्यात कुठे घातली नव्हती. मी आजची तारीख घातली आणि त्याखाली लिहिलं, जूनमधल्या त्या दिवशीही नव्हतं.

नागराजने पान फाडून घडी केली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं. मग मिक्सर जोडून बटण दाबलं. मिक्सर चालू झाला. तो कान लावून ऐकत राहिला.