बेर्तेलांदेची चार अक्षरे

हेमचंद्रांना वृत्तभंग सोसत नसे. सिंगापुरातल्या क्लेमेंटी भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये त्या रविवारी सकाळीच ते बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत लघुगुरू पुन्हा एकदा मोजत बसले होते. समोर त्यांच्या बायकोने, संजीवनीने, केलेला एका कवितेचा अनुवाद होता. तो शार्दूलविक्रीडितात बसवण्याची कामगिरी त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली होती.

संजीवनी पुण्यात फ्रेंच शिकवत असे. हेमचंद्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या नोकरीपायी सिंगापूरला आल्यावर ते शिकवणे सुटले, आणि मराठी मंडळात ती ‘हेमचंद्रांच्या मिसेस’ एवढ्याच ओळखीने वावरू लागली. मग एका फ्रेंच पुस्तकात तिला बेर्तेलांदा सापडली. ही नवव्या शतकातली, फ्रँकांच्या राज्यातल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, एका मठात राहणारी संन्यासिनी. तिच्या कविता मठाचे वरिष्ठ आपल्या नावावर खपवीत. म्हणून अखेरच्या कवितेच्या शेवटच्या ओळीत तिने स्वतःचे नाव असे गुंफले, की ते काढू जाता कविताच ढासळावी. आज संध्याकाळी मंडळात ती कविता मराठीतून प्रथमच वाचली जाणार होती.

संजीवनीने पक्की प्रत हातात घेतली आणि शेवटावर अडखळली. “ही ‘साध्वी कुणी’ कोण?”

“तुझी बेर्तेलांदाच. नावातली चारही अक्षरे गुरू. शार्दूलविक्रीडितात लागोपाठ चार गुरू येतच नाहीत. मी तरी काय करणार?”

“अहो, त्या बाईने एवढा खटाटोप नावासाठीच केला होता. तिला पुन्हा ‘कुणी’ करून टाकलंत?”

“म्हणून वृत्त मोडायचं?”

“ते तिच्यावर लादलं कुणी? मठातल्या मुली लोकर पिंजताना म्हणायच्या हे. मी अभंगाच्या चालीवर लिहिलं होतं, ते तुम्हाला बाळबोध वाटलं. ऑफिसात दुसऱ्याच्या कोडला हात लावण्याआधी त्याला विचारता ना?”

त्यांची मुलगी जाई कानातली वायर काढत सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “बाबा, आईचंच घ्या ना, जस्ट यूज आईज वन, लाह.”

“अभिजात वाङ्मयाचा निकाल ‘लाह’ने लागत नाही,” हेमचंद्र म्हणाले. प्रत मंडळाच्या शैलाताईंकडे आपण कालच पाठवली आहे, हेही त्यांनी सांगून टाकले. संजीवनीने हातातली प्रत टेबलावर ठेवली. ती कुकर लावायला आत गेली, आणि जिंकलेल्या वादाची नेहमीची गोडी काही हेमचंद्रांच्या जिभेवर येईना.

संध्याकाळी कम्युनिटी क्लबच्या सभागृहात शैलाताई माईकपाशी उभ्या राहिल्या. मंडळाकडे मजकूर ज्याच्या फोनवरून येई, त्याच्याच नावाने तो पुकारण्याचा तिथला प्रघात होता. “यानंतर ऐकू या, आपल्या हेमचंद्रांची नवी रचना, शार्दूलविक्रीडितात.”

टाळ्या पडल्या. संजीवनी मांडीवरच्या पर्सचा बंद लावत राहिली; तो आधीच लागलेला होता. त्या मठात कवितेचा धनी कसा बदलत असेल, हे हेमचंद्रांनी वाचले होते. आज ते त्यांच्या कानांवर पडले. त्यात कुणाचा कपटभाव नव्हता. म्हणूनच ते इतके सोपे होते.

ते माईकपाशी गेले. “निवेदनात चुका आहेत,” त्यांनी सुरुवात केली आणि सभागृह हसले, कारण ते कोणत्याही कार्यक्रमात हेच म्हणत. “कविता माझी नाही. ती बेर्तेलांदेची आहे. मराठी रूप संजीवनीने दिलेले आहे. माझे त्यात फक्त शार्दूलविक्रीडित आहे, आणि ते मी मागे घेतो. संजीवनी, तुझी प्रत आहे ना?”

मागून कुणीतरी म्हणाले, “काय हो, घरी तह झालेला दिसतो.”

“अजून नाही,” संजीवनी उठत म्हणाली. बंद उघडून तिने पर्समधून आपली प्रत काढली. ती घरूनच बरोबर आणलेली होती.

ती संथ वाचत गेली. हेमचंद्र जागेवर येऊन बसले होते, आणि त्यांचा अंगठा सवयीने पेरांवर फिरत होता. ही चाल कुठेतरी तोकडी पडणार, असे त्यांना अजूनही वाटत होते. शेवटचे कडवे आले :

पिंजता लोकर, हात दुखू आले
बेर्तेलांदा बोले, बोल माझा

अंगठा शेवटच्या पेरावर येऊन थांबला. अक्षर कमी नव्हते, जास्त नव्हते. नाव आपल्या जागी होते.